छाट कोण काढतं?

विडीचा हिशेब हजारावर असतो. पान आणि तंबाखू वजन करून घरी आणायची, पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कातरीनं कापायची, सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं, दोरा गुंडाळायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे. तिथं एक माणूस बसलेला असतो. तो कट्टे हातात घेतो, फिरवून बघतो आणि काही विड्या बाजूला टाकतो. याला ‘छाट’ म्हणतात. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी ती विडी बाईला परतही मिळत नाही. मुळात दिलेलं पानच फाटकं निघालं, तर कमी पडलेलं पान तिनं पदरच्या पैशानं विकत आणायचं.

निपाणीच्या आसपास राहणाऱ्या आपल्याला यातलं काहीच नवं नाही. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई दुपारी सूप घेऊन बसते, हे आपण बघत आलोय. तरी त्या छाट काढणाऱ्या हाताकडं नीट बघायला हवं. तो माणूस शिवी देत नाही, मारत नाही. नुसता बाजूला टाकतो. किती टाकायच्या हे त्याच्या मनावर. बाई उलटून बोलली तर उद्या चार जास्त. त्यानं हिशेब देताना हात नको तितका वेळ धरून ठेवला आणि ती गप्प राहिली, तर का गप्प राहिली हे कुणी विचारायला नको. उद्याची छाट त्याच्याच हातात आहे.

हा माणूस कुणाला उत्तर देतो? माझ्या मते कामाच्या जागेवरच्या छळाचा सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो. माणूस स्वभावानं दुष्ट आहे की चांगला, हे नंतरचं. या प्रश्नाला हात घालणाऱ्या तीन कृती मी एकापाठोपाठ एक पाहिल्या, वाचल्या. एक माहितीपट, दोन पुस्तकं. दोन आपल्या निपाणीबद्दलच्या, तिसरी पार केरळातल्या कण्णूरची. पण धंदा तोच, विडी-तंबाखूचा, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

पहिला माहितीपट, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. १९८२ सालचा, अर्ध्या तासाहून छोटा, मराठी. तो केला ‘युगांतर’ या स्त्रीवादी गटानं. दीपा धनराज त्यातल्या एक. याच गटानं त्याआधी पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला होता. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायका संघटित होत होत्या, संप करत होत्या, त्या दिवसांत ही मंडळी महिनोन् महिने त्यांच्याबरोबर राहिली आणि मग कॅमेरा लावला. रचून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब येते, वरून हात लावल्याशिवाय कळत नाही. नाव तिथून आलंय, आणि ते बायकांच्या रागाला चपखल बसतं.

त्या काळचे सरकारी माहितीपट आठवा. त्यात एक जाड पुरुषी आवाज वरून सगळं समजावून सांगायचा आणि बायका खाली मान घालून काम करताना दिसायच्या. इथं बायका स्वतः बोलतात. आपल्याच भागातली मराठी बोलतात. धूळ, मजुरी, वखारीतल्या माणसांची वागणूक, सगळं त्यांच्याच तोंडून येतं. एखाद्या पुढारीबाईला उचलून धरण्याचा मोहही दिग्दर्शकांनी टाळलाय. बाया घोळक्यानं दिसतात, घोळक्यानं बोलतात. एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. भीती मोडते ती अशी, एकेकटीनं मोडत नाही, हे चित्रपट भाषण न देता दाखवतो.

आता जरा खंत. निपाणीचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसांना १९८१ आठवतं. शेतकरी संघटनेचं तंबाखू आंदोलन, महामार्गावर बसलेले शेतकरी आणि ६ एप्रिलचा गोळीबार. ते आठवायलाच पाहिजे. पण त्याच गावात, त्याच सुमाराला, त्याच तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बायकांनी संप केला होता, हे आपल्या घरांतल्या किती जणींना माहीत आहे? त्यांच्यावरचा चित्रपट आज नीट जतन केलाय तो बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं. आपल्या शेजारच्या गल्लीतल्या बायकांचा आवाज जर्मनीत सांभाळून ठेवलाय आणि आपल्या वाचनालयात त्याची नोंद नाही.

दुसरी कृती छाया दातार यांचं ‘वेजिंग चेंज’ हे इंग्रजी पुस्तक. १९८९ मध्ये ‘काली फॉर विमेन’नं काढलेलं, निपाणीच्या तंबाखू कामगार बायका कशा संघटित झाल्या यावरचं. चित्रपट जिथं ऊब दाखवून थांबतो, तिथून दातार पुढं विचारतात. युनियनमध्ये आलेल्या बाईचं घरात काय झालं? जातीत काय झालं? स्वतःकडं ती वेगळ्या नजरेनं बघायला लागली का? नुसत्या मजुरीच्या आकड्यावर चळवळ मोजायला त्या तयार नाहीत. हे पुस्तक मराठी लेखिकेचं, मराठी बोलणाऱ्या बायकांबद्दलचं, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्या ते वाचू शकणार नाहीत अशा भाषेत. ही तक्रार मी लेखिकेवर कमी आणि आपल्या प्रकाशकांवर जास्त करते.

तरी दोन्ही कृतींनंतर माझ्या मनात एक जागा रिकामी राहिली. युनियन मालकाला जाब विचारते, त्याच्याकडून वचन घेते, कायदा पाळायला लावते. ही काही लहान गोष्ट नाही. तिच्यामुळं मजुरी वाढते, शिवी थांबते. पण वजनकाटा मालकाच्याच ताब्यात राहतो. युनियन दमली, पुढारी निवडणुकीला उभा राहिला, संप फसला, की काटा पुन्हा जुन्यासारखा बोलायला लागतो. मग तो काटाच कामगारांच्या हातात आला तर?

तिसरं पुस्तक या प्रश्नाचं आहे. थॉमस आयझॅक, रिचर्ड फ्रँके आणि प्यारेलाल राघवन यांनी मिळून लिहिलेलं, १९९८ सालचं, ‘डेमॉक्रसी ॲट वर्क इन ॲन इंडियन इंडस्ट्रियल को-ऑपरेटिव्ह’. केरळच्या दिनेश विडीची ही हकिकत. आयझॅक पुढं केरळचे अर्थमंत्री झाले. लेखकांची सहानुभूती कुणाकडं आहे ते पहिल्या पानापासून कळतं. मला त्याची अडचण वाटली नाही, कारण ते आकडे आणि भांडणं दोन्ही लपवत नाहीत.

हकिकत थोडक्यात अशी. १९६६ साली केंद्र सरकारनं विडी-सिगार कामगारांचा कायदा केला. कामाची जागा कशी असावी, तास किती, रजा किती, छाट किती काढता येईल, असल्या गोष्टींना त्यानं चौकट घालायचा प्रयत्न केला. १९६८ मध्ये केरळ सरकारनं तो खरंच लागू करायचं ठरवलं. तेव्हा मंगळूरच्या बड्या विडी मालकांनी उत्तर मलबारमधले कारखाने सरळ बंद केले. कायदा पाळण्यापेक्षा दार लावणं सोपं. सुमारे १२,००० माणसं एका फटक्यात घरी बसली. १९६९ च्या फेब्रुवारीत याच कामगारांची सहकारी संस्था कण्णूरला उभी राहिली. सरकारनं भांडवलाला हात दिला, युनियन पाठीशी होती. गावोगावी प्राथमिक सोसायट्या आणि वर एक मध्यवर्ती संस्था अशी रचना झाली. पानं-तंबाखूची खरेदी आणि विक्री मध्यवर्ती संस्थेनं करायची, विड्या वळायचं काम प्राथमिक सोसायट्यांच्या शेडमध्ये. प्राथमिक सोसायटीच्या संचालकांत बहुमत कामगारांनी निवडून दिलेल्यांचं. पुढं ही संख्या तीस हजारांवर गेली. बोनस, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची रजा या गोष्टी विडी कामगाराला प्रत्यक्ष मिळू लागल्या. बाकी देशात त्या कायद्याच्या पुस्तकातच होत्या.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटली ती शेडमधली हकिकत. घरी बसून विड्या वळणारी बाई एकटी असते. तिची छाट किती निघाली हे फक्त तिला आणि त्या माणसाला माहीत. शेडमध्ये सगळे मांडीला मांडी लावून बसतात. छाट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघते. आणि छाट काढणारा ज्या संचालकांना उत्तर देतो, ते या शेडमधल्यांनीच निवडून दिलेले असतात. कण्णूरच्या विडी कामगारांची एक जुनी रीत आहे. एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा, बाकीचे वळत वळत ऐकायचे आणि त्याच्या वाटणीच्या विड्या आपापल्यातून भरून द्यायचे. ज्या जागेत माणसं बातमी ऐकून मोठमोठ्यानं वाद घालतात, तिथं मुकादमाला एकाच्या कानात धमकी देणं अवघड जातं.

मात्र नुसती शेड म्हणजे उत्तर झालं असं कुणी समजू नये. निपाणीच्या वखारीतसुद्धा बायका एकत्रच बसत होत्या की. एकत्र बसून छळ थांबत नाही. मुकादम कुणाचा आहे, यावर ते ठरतं.

आता या पुस्तकाबद्दलच्या माझ्या तक्रारी. पहिली बायकांबद्दल. दिनेश विडीची सुरुवात झाली तेव्हा कारखान्यांत पुरुष जास्त होते. वर्षं गेली तशा कामगारांत बायका वाढत गेल्या. संचालक मंडळात मात्र त्या मानानं आल्या नाहीत. लेखक हे नोंदवतात, पण त्यावर थांबत नाहीत. माझ्यासारखी वाचक तिथंच थांबते. कामगारांची सत्ता म्हणताना पुन्हा पुरुष कामगारांचीच सत्ता होत असेल, तर बाईच्या दृष्टीनं छाट काढणारा हात तोच राहिला, फक्त त्याची निवड बदलली. तिला सभेला थांबता येत नाही, कारण घरी पोरं आणि चूल. मग निवडून कोण येणार? सहकाराच्या नियमात मत प्रत्येकाला एक असतं. वेळ मात्र प्रत्येकाला सारखा नसतो. याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा होता आणि पुस्तक लिहिणाऱ्यांनीही.

दुसरी तक्रार मालाबद्दल, आणि ती मी जैन घरात वाढले म्हणून जास्त टोचत असेल. विडी वळणाऱ्याचं शरीरही जाळते आणि ओढणाऱ्याचंही. कामगारांनी कामगारांना न्याय देत बनवलेलं विष हे शेवटी विषच. पण इथं दिनेश विडीची पुढची वाटचाल बघण्यासारखी आहे. विडीचा खप घसरायला लागला. १९९९ मध्ये तर केरळ उच्च न्यायालयानं सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. खासगी मालक असता तर त्यानं भांडवल काढून दुसरीकडं लावलं असतं आणि कामगारांना घरी पाठवलं असतं. इथं मालक आणि कामगार एकच असल्यामुळं त्यांनी दुसरं काम शोधलं. नारळाचं दूध, मसाले, छत्र्या, तयार कपडे. विडी कामगारांची संख्या तरी फार घटली, सगळ्यांना नवं काम पुरलं नाही. पण धंदा बुडतो तेव्हा आधी माणसांचा विचार करायचा की पैशाचा, याचं उत्तर इथं वेगळं आलं.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, सावधगिरी आहे. कण्णूरचं उदाहरण उचलून आपल्याकडं आणू म्हणणाऱ्यांनी त्याच्यामागची तयारी बघावी. तिथली विडी युनियन संस्थेच्या कितीतरी आधीची, कसलेली. पाठीशी सरकार होतं. नुसतं उपनिबंधकाच्या कचेरीत कागद दाखल करून हे होत नाही.

बायकांनीच चालवलेली संस्था बघायची तर लिज्जत पापड आहे. १५ मार्च १९५९, मुंबईचं गिरगाव, सात गुजराती बायका, एका चाळीची गच्ची आणि उसने घेतलेले ८० रुपये. ही गोष्ट आपण महिला मंडळांच्या भाषणांतून इतक्यांदा ऐकलीय की तिच्यातला कणा दिसेनासा झालाय. सगळ्या भाषणांत कौतुक असतं ते जिद्दीचं आणि घर सांभाळून केलेल्या कामाचं. त्यांच्या नियमांबद्दल कुणी बोलत नाही. कायद्यानं पाहिलं तर ती सहकारी संस्था नाहीच, सोसायटी आणि विश्वस्त संस्था म्हणून तिची नोंद आहे. पण वागणूक सहकाराची. काम करणारी बाईच सभासद होऊ शकते, पुरुष नाही. शाखेची संचालिका काम करणाऱ्या बायकांमधूनच येते. नफा-तोटा सगळ्यांचा. सकाळी पीठ न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, ही पद्धत विडीसारखीच आहे बघा. इथंही कुणीतरी पापड तपासतं, नापास करतं. फरक एवढाच, की तपासणारी कधीतरी स्वतः पोळपाटावर बसलेली असते. तिच्याही हातून अन्याय होऊ शकतो, ती काही देवी नाही. पण ज्यांचे पापड ती नापास करते त्यांच्यात आणि तिच्यात मालकाची भिंत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. सहकार हा शब्द आपल्याला शिकवायची गरज नाही. देशातली पहिली शेती पतसंस्था १९०५ मध्ये आपल्याच राज्यातल्या, गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली. पलीकडं महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरानगरला साखर कारखान्याचा सहकार सुरू झाला आणि ते लोण आपल्या जिल्ह्यातही आलं. आपल्या घरांतले पुरुष कारखान्याचे भागधारक, पतसंस्थेचे संचालक, दूध संस्थेचे सभासद. मग आपल्याकडं कामाच्या जागेवरचा छळ कमी व्हायला हवा होता ना? नाही झाला. त्याचं कारण नावात दडलंय. हा सहकार शेतकऱ्याचा, ठेवीदाराचा. काम करणाऱ्याचा नव्हे.

ऊसतोड बाई बघा. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस खाडा पडला तर दंड. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा सगळे हळहळले. पण तिनं तोडलेला ऊस ज्या कारखान्यात जातो, तो बहुतेक वेळा सहकारीच असतो. ऊस पिकवणारा त्याचा सभासद आहे, ऊस तोडणारी नाही. वार्षिक सभेत उसाच्या दरावर खुर्च्या मोडेपर्यंत भांडणं होतात. तोडणाऱ्या बाईच्या संडासाचा विषय सभेपुढं आणायचा तर आणणार कोण? तिला तर सभेच्या मंडपात पाय ठेवायचा हक्क नाही.

एका पतसंस्थेत मी काही वर्षं महिला राखीव जागेवर संचालिका होते. इतिवृत्ताची वही शिपाई घरी घेऊन यायचा. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली केलेली असायची. मी वही वाचायला ठेवून घेतली तेव्हा तो गोंधळला. “वाचायचं कशाला बाई, सगळ्यांच्या झाल्यात,” म्हणाला. त्यात एका मुलीचा राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’ मंजूर केलेला होता. ती मुलगी काउंटरवर बसायची. व्यवस्थापक तिला हिशेब जुळवायच्या निमित्तानं संध्याकाळी थांबवून घ्यायचा. काय कारणानं ती गेली ते तिनं मला सांगितलं होतं. मी सभेत म्हटलं, हे वाक्य बदला, चौकशी करा. अध्यक्ष म्हणाले, “संस्थेचं नाव जाईल, अक्का. मुलगी लग्नाची आहे, तिचंच नुकसान.” वाक्य तसंच राहिलं. मी सही केली नाही. पुढच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये माझं नाव नव्हतं.

ही संस्था सहकारीच होती. ठेवीदाराला मत होतं, कर्जदाराला मत होतं. त्या मुलीला नव्हतं. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या जागी छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. पण ती नेमतो कोण? मालकच. आणि जिथं माणसं दहाहून कमी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. विडी वळणाऱ्या, काउंटरवर बसणाऱ्या, वखारीत धूळ खाणाऱ्या किती बायकांना तिचा पत्ता ठाऊक आहे?

आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, आमच्या घरी नोकरमाणसांना आम्ही घरच्यासारखं वागवतो. वागवत असाल. पण पाठशाळेत पाठ केलेले अतिचार आठवा. अहिंसा अणुव्रताचे पाच. बांधून ठेवणं, मारणं, अवयव तोडणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी अडवणं. पंडितजी बैलाचं उदाहरण देऊन समजवायचे. गाडीत किती पोती घालावीत, वैरण वेळेवर द्यावी. अचौर्याच्या अतिचारांत तर खोटी वजनंमापं स्पष्टच सांगितली आहेत, देताना कमी आणि घेताना जास्त. विडीच्या काट्यावर दुसरं काय होतं? उचल देऊन बांधून ठेवणं, रात्रीपर्यंत थांबवणं, मजुरी अडवणं, सगळं या यादीत बसतं. आपल्या पूर्वजांना कामाच्या जागेवरचा छळ नेमका माहीत होता असंच मला वाटतं.

पण या यादीत एक मर्यादा आहे, आणि ती मोकळेपणानं बोलायला हवी. व्रत मालकाचं असतं. चूक झाली की नाही हे त्यानंच ठरवायचं, प्रतिक्रमणही त्यानंच करायचं. ज्याच्या पाठीवर ओझं पडलं त्याला तिथं बोलायला जागा नाही. म्हणून चांगल्या मालकाकडं काम करणारी बाईही घाबरलेलीच असते. त्याचा चांगुलपणा उद्या टिकेल की नाही, हे तिच्या हातात नाही. थोरले मालक देवमाणूस होते आणि पोरगा हाती आल्यावर सगळं बदललं, अशा हकिकती आपल्या बाजारपेठेत दुकानागणिक ऐकायला मिळतील. बैलाला गाडीवानाची दया पुरते, कारण त्याला दुसरं काही मागता येत नाही. बाईला वाचा आहे. कण्णूरच्या शेडनं आणि गिरगावच्या गच्चीनं केलं ते एवढंच, की ज्याच्यावर ओझं पडतं त्याला ओझं ठरवायच्या जागी बसवलं. व्रत मोडीत निघालं नाही त्यानं, उलट त्याला साक्षीदार मिळाला.

म्हणून या तिन्ही कृती वाचाव्या, बघाव्या असं मी सांगेन, पण त्यांच्यातलं अपुरेपण विसरून नको. चित्रपटात ऊब आहे, पुढची व्यवस्था नाही. दातारांच्या पुस्तकात बाईच्या मनाचा ठाव आहे, पण काटा कुणाकडं हा प्रश्न युनियनच्या दारापर्यंत येऊन थांबतो. कण्णूरच्या पुस्तकात काट्याचं उत्तर आहे आणि बाई पुन्हा मागच्या रांगेत आहे. तिन्ही एकत्र शिवल्या तर कुठं आपल्याला हवं ते वस्त्र होईल.

शिवायला लागणारी सुई आपल्या घरात आहे. आपल्या महिला मंडळाचे शेवया-पापड-मसाल्याचे उद्योग आहेत. बचत गट आहेत. तिथं मसाला कांडायला रोजंदारीवर येणाऱ्या बायका सभासद आहेत का, की सभासद आपण आणि कांडणाऱ्या त्या? माल नापास कोण करतं? वही कुणाकडं असते, आणि ज्यांचे पैसे त्या वहीत लिहिलेत त्यांना ती उघडून बघता येते का? त्यांच्यातल्या एकीनं तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी तिचं काम राहील ना? सभा अशा वेळी ठेवतो का, की जेव्हा त्यांना चुलीपासून उठता येतं?

आणि घरात कारखान्याची किंवा पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस आली, तर ती रद्दीत टाकण्याआधी वाचा. विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ ठरलेली असते, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय. भाग आपल्या नावावर असेल तर त्या ओळीवर उठून उभं राहता येतं. संस्थेत काम करणाऱ्या बायका किती, त्यांची तक्रार समिती कुणाची, गेल्या वर्षी ‘वैयक्तिक कारणास्तव’ किती जणी गेल्या, एवढं विचारायचं. परवानगी नाकारली तर नाकारली असं इतिवृत्तात लिहायला सांगायचं. आणि वही घरी आली की सही करण्याआधी ती ओळ शोधायची.